गाजरच का?

झटका येऊन गेल्यापासून सासऱ्यांचे वेफर्स बंद झाले. सुनेनं पपईच्या फोडी द्यायला सुरुवात केली. आधी त्यांनी नाक मुरडलं, मग चटावले. आणि आज वाटीत गाजर.

"सूनबाई, पपईनं काय घोडं मारलं? डॉक्टरांनीच सांगितली होती ना?"

"गाजर खा."

"अगं, ससा समजलीस का मला? अर्धे दात गेलेत माझे."

"उरलेत त्यांना कामाला लावा. बारीक चिरलंय. हळूहळू चावा."

"आमच्या वेळी सासरे सुनांना छळायचे," असं पुटपुटत ते वाटी घेऊन आतल्या खोलीत गेले.

ती बाहेर खिडकीपाशी शर्टाला काजं करायला बसली. पपई सुरू झाल्यापासून तिचं एकही काज धड झालं नव्हतं. दोन टाके घातले की सुई खोचून ठेवायची आणि आत डोकवायची, त्यांची छाती वरखाली होतेय ना ते बघायला. पपई खाताना माणसाचा आवाजच होत नाही.

आतून आलं : कुर्रम.

मग जरा थांबून, रागारागानं : कुर्रम, कुर्रम.

तिनं अख्खं काज एका बैठकीत पूर्ण केलं.