बाभूळ

"हात ढिले सोडू नकोस!" पुढे बसलेली वैजू ओरडली. शहरातल्या तलावावरची शर्यत संपत आली होती. आमची कयाक तिसरी होती आणि माझे दंड भरून आले होते. मोसमातल्या आधीच्या दोन्ही शर्यती माझ्याच ढेपाळण्यानं गेल्या होत्या.

गावच्या धरणावर मात्र मी कधी ढेपाळत नाही. शिमग्यानंतर पाणी उतरत जातं आणि बुडालेल्या बाभळींचे शेंडे कयाकच्या तळाला लागायला बघतात. शेंडा दिसला की वैजू ‘बाभूळ!’ म्हणून ओरडते आणि आम्ही दोघी जीव खाऊन वल्ही मारत निसटतो. शाळेची कयाक एकच आहे. तिचा तळ फुटला की सराव संपला.

"बाभूळ!" वैजू किंचाळली.

विचार करायच्या आत माझ्या हातांनी पाणी ओढलं. एक कयाक मागे पडली. मग शेवटच्या रेषेच्या तोंडाशी दुसरीही.

मी धापा टाकत मागे वळून पाहिलं. पाणी मोकळं होतं, साधी काटकीही नव्हती. आमच्या शाळेच्या बाई काठावरून धावत आल्या. "अगं, या तलावात कुठली आली बाभूळ?"

वैजूनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "गावाकडनं आणलीय, बाई."