ठणठणीत

रात्री मारलं की सकाळी नवरा एकच सांगायचा, "झोपेत होतो गं, मला काही आठवत नाही."

स्वप्न पडत असताना मेंदू हातापायांची कळ बंद ठेवतो आणि ती कळ बिघडली की माणूस झोपेतच मारत सुटतो, हे तिने वाचलं. औषधाने फरक पडतो, हेही वाचलं. मग हट्ट धरून तिने त्याला झोपेच्या तपासणीला आणलं.

रात्रभर त्याच्या डोक्याला, हनुवटीला, हातांना तारा लावलेल्या होत्या. सकाळी डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि त्या हसून म्हणाल्या, "मेंदू उत्तम आहे तुमचा. स्वप्नं पडत होती तेव्हा हात अगदी लुळे पडले होते. झोपेत तुम्ही कुणाला मारूच शकत नाही."

"बघ! ठणठणीत आहे मी. डॉक्टर, आता हिच्याच डोक्याला लावा त्या तारा." तो खुशीत गाडी काढायला गेला.

डॉक्टरांनी फाइल मिटली, तरी ती खुर्चीतून उठली नाही.

 

"डॉक्टर, परत एकदा नीट बघा ना. बारीकसा तरी बिघाड असेलच."