चावडीसमोरची शिट्टी

चावडीसमोर आली आणि पिकप पुन्हा किंचाळली.

आधी बारीक शिट्टी, मग कानात सुई खुपसावी तशी लांब किंकाळी. पिंपळावरचे पारवे उडाले. चावडीच्या पायरीवर बसलेल्या आनंदरावांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. रखमाजीने मान खाली घालून गाडी पुढे काढली. शेजारी त्याची आई साळूबाई बसली होती, पायांत वहाणा घालून, ताठ. तिने मान खाली घातली नाही.

“रखमा, लगीन लावून दे तिचं,” पारावरून गेनबा ओरडला. “वयात आलीया, शिट्ट्या मारती!”

विंझरच्या पलीकडच्या त्या गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. रखमाजी लष्करात ड्रायव्हर होता. सुटून आल्यावर त्याने लिलावातली जुनी पिकप घेतली. रोज सकाळी बुद्धवाड्यातून निघायचं, चावडीचा चढ चढून सडकेला लागायचं आणि दुधाच्या किटल्या नि माणसं घेऊन नसरापूर गाठायचं. आनंदरावांच्या म्हशींचं दूधही त्याच गाडीतून जायचं.

वर्षभर गाडी गुमान चालली. मग जयंतीच्या सकाळी रखमाजीने तिला ओढ्यात घालून धुतली, माळा बांधल्या, आणि चावडीसमोर ती पहिल्यांदा ओरडली. काय झालं म्हणून चावडीवरचे सगळे ताडकन उठून उभे राहिले. रखमाजी ओशाळला. साळूबाई मात्र विंझर येईपर्यंत हसत होती.

त्यानंतर हे रोजचंच झालं. चावडीसमोर किंकाळी आणि विंझरला पोचेपर्यंत सगळं शांत.

चहा सांडला त्या दिवशी परतताना आनंदरावांनी गाडी अडवली.

“रखमा, हे बोंबलनं बंद हुईस्तवर गाडी हितनं न्यायची न्हाई. खालच्या वाटंनं जायचं.”

खालची वाट म्हणजे ओढ्याकाठचा दगडगोट्यांचा रस्ता. पिकपच्या स्प्रिंगचे पाटे तिथे महिनाभरही टिकले नसते.

“उद्या मिस्त्रीला दावतो, मालक,” रखमाजी म्हणाला.

“गाडी सडकंनंच जाईल, आनंदराव,” आतून साळूबाई बोलली. तिने ‘मालक’ म्हटलं नाही, हे सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नसरापूरला सावळाराम मिस्त्रीने बॉनेट उघडलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनामोवर टेकवून मूठ कानाला लावली. बेअरिंग ठीक. पाण्याचा पंप ठीक. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. वापरून गुळगुळीत झाला होता, पण ताण बरोबर होता. त्याने चाकंसुद्धा खोलली. इंजिन चालू केलं तर शिट्टी नाही की काही नाही.

“गाडीला काय बी झालं न्हाई,” हात पुसत तो म्हणाला. “तुमच्या चावडीलाच कायतरी झालं आसंल.”

पुढच्या सकाळी गाडी पुन्हा किंचाळली. आनंदराव पायरीवरून गरजले, “उद्या सडकंवर बैलगाडी आडवी घालतो. बघतो गाडी कशी जाती!”

रखमाजीला रडू यायचं बाकी होतं. “आये, चार दिस खालनं जाऊ.”

“तू जा. मी चावडीम्होरनं चालत जाईन.”

शेवटी त्याने सावळारामलाच मुक्कामाला आणलं. सकाळी गाडी निघताना त्याने जवळ उभं राहून ऐकावं, एवढ्यासाठी.

सकाळ झाली. साळूबाई कळशी घेऊन आली. गाडीला पाणी पाजायचं काम तिचं होतं, दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नसे. रखमाजी बॉनेट उघडून देऊन किटल्या आणायला गेला. तिने रेडिएटर भरला, झाकण फिरवून घट्ट बसवलं. कळशीच्या तळाला ओंजळभर पाणी उरलं होतं. रोपाला घालावं तसं, सावकाश, तिने ते पट्ट्यावर ओतलं.

सावळाराम जवळ गेला. हळूच म्हणाला, “आजी, वला झाला की चढाला जोर लागताच त्यो पट्टा वरडतो. पार वाळस्तवर.”

“ठावं हाय,” साळूबाई म्हणाली आणि बॉनेट लावलं. “मागं बस.”

चावडीसमोर खरोखरच बैलगाडी आडवी होती. बैल जुंपलेले. पिकप थांबली, आणि उभ्या जागी किंचाळत राहिली. रखमाजीचा हात किल्लीकडे गेला. साळूबाईने तो मनगटाला धरला.

“बंद करू नगंस.”

आनंदराव कानांवर हात ठेवून पुढे आले. “ओ मिस्त्री! सापडलं का काय?”

मागच्या फळीला धरून उभ्या असलेल्या सावळारामने एकदा साळूबाईकडे पाहिलं.

“न्हाई सापडलं,” तो ओरडून म्हणाला. “ही आता आशीच चालायची!”

बैलांना ते सोसवेना. त्यांनी माना झटकल्या, डोळे पांढरे केले आणि गाडी ओढत ते थेट आनंदरावांच्या परड्यात शिरले. गेनबा त्यांच्यामागे धावला. सडक मोकळी झाली. रखमाजीने गिअर टाकला आणि, पहिल्यांदाच, मान वर ठेवून गाडी चावडीवरून काढली.

विंझरला किटल्या चढवायला गाडी थांबली तेव्हा पट्टा वाळला होता. सावळाराम खिडकीपाशी आला.

“पन कशापायी, आजी?”

साळूबाईने पदराने वहाणांवरची धूळ झटकली.

“सून हून आले तवापास्नं त्या चावडीम्होरनं ह्या हातात घिऊन गेले, बाबा,” ती म्हणाली. “पाऊल सुदीक वाजू दिलं न्हाई त्यांनी.”