हिंगोलीपेक्षा जवळ

“सुटायची येळ वाच,” मुंजाजी म्हणाला.

“सकाळी दहा. मुंबई,” करुणानं तिकीट वाचलं.

“अन् पोचायची?”

“सव्वाअकरा. मस्कत.”

साखरा गावातल्या त्या ओसरीवर मुंजाजीची थोरली भावजय नीलाबाई चहाची बशी ओठाशी धरून तशीच थांबली.

करुणाला मस्कतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. तिकीटही दवाखान्यानंच धाडलं होतं. अडलं होतं ते बापाच्या, मुंजाजीच्या शब्दावर. थोरली लेक त्यानं पार नाशिककडं दिली होती. तिच्या बाळंतपणाला हा पोचेपर्यंत बारसं उरकलेलं. तेव्हाच त्यानं भर भावकीत सांगून टाकलं होतं, धाकटीला हिंगोलीपेक्षा लांब धाडणार न्हाई. आणि मुंजाजीला शब्द मागं घेताना गावात अजून कुणी पाहिलं नव्हतं.

“हिंगोलीला किती येळ लागतो आपल्याला?” त्यानं विचारलं.

“जीप भरली तर दोन तास,” नीलाबाई म्हणाली. “न्हाई भरली तर बसा शेंगा सोलत.”

“मंग? मस्कत जवळ पडलं.”

“भाऊजी, पंधराशे किलोमीटर हाय म्हणते पोरगी. अन् ममईपर्यंतचं काय?”

“ममई आपल्याच राज्यात हाय. ती धरायची न्हाई.”

नीलाबाईनं बशी खाली ठेवली. मुंजाजीनं करुणाच्या हातातलं तिकीट घेतलं आणि घडी घालून तिला परत दिलं. “जाय,” म्हणाला.

करुणानं घडी उलगडून पुन्हा पाहिली. पोचायची वेळ मस्कतच्या घड्याळाची होती. ते आपल्यापेक्षा दीड तास मागं चालतं. विमानाला खरे पावणेतीन तास लागणार होते. हे तिनं सांगितलं नव्हतं, आणि आता सांगावं तर बापाचा शब्द पुन्हा आडवा येणार.

ती खाली मान घालून बॅग भरत राहिली. मुंजाजी मात्र खुशीत होता. पारावर सांगून झालं, गिरणीत सांगून झालं, की आपली पोरगी हिंगोलीपेक्षा जवळ चालली. सांगायचा उरला होता तो जवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात भेटणारा दोस्त संतराम. संतरामचं पोरगं मस्कतलाच गाडी चालवायचं. दर बाजाराला संतराम एसटीडी बूथवर जाऊन त्याच्याशी ओरडून बोलायचा, आणि मुंजाजी शेजारच्या स्टुलावर बसून सगळं ऐकायचा.

निघायच्या दिवशी जीप लवकर भरली. निरोप द्यायला भावकी जमली होती. मुंजाजीनं शिदोरीचं फडकं करुणाच्या मांडीवर ठेवलं. तिला राहवेना.

“बाबा, एक सांगायचं राहिलं. त्या इमानाची येळ…”

“माझा शब्द राहिला न्हवं?” तो म्हणाला. मग नीलाबाई कुठं उभी आहे ते त्यानं बघून घेतलं, जीपच्या खिडकीत डोकं घातलं आणि आवाज उतरवला.

“उतरलीस की घड्याळ दीड तास मागं कर. संतरामचं पोरगं इसरलं, अन् पयल्याच दिवशी दीड तास अगुदर जाऊन मालकाच्या दारात बसलं.”