पोचवहीतली रिकामी ओळ

पावणेअकराला नोकरीवरून काढलं. पण जाऊ द्या, तसं काही झालंच नाही.

ऑफिस दहाचं. तो पोचायचा पावणेअकराला, म्हणून नावच ते पडलं. आईची अंघोळ, खाणं, गोळ्या. मग शेजारच्या काकू येऊन बसल्या की याचा पाय घराबाहेर. शेवटी साहेबांनी बडतर्फीच्या पत्रावर सही केली. नियम असा, की पत्र हेडक्लार्कने ऑफिसातच हातात द्यायचं आणि पोचवहीत सही घ्यायची. सही नाही तर पत्र लागू नाही. हेडक्लार्क दहाच्या ठोक्याला पाकीट घेऊन उभे राहिले. साडेदहाला हुकूम आला: महामारी, ऑफिस बंद. पावणेअकरा पोचला तेव्हा दाराला कुलूप होतं.

संध्याकाळी हेडक्लार्कचा फोन आला. "तुझं बडतर्फीचं पत्र माझ्या खणात आहे. ऑफिस उघडलं की पहिलं तुलाच."

"हो सर. तोवर काम करू?"

"कर की! बसून पगार खाणार आहेस का?"

मग घरूनच काम. पलंगापासून टेबल चार पावलं. रोज पावणेदहाला पडद्यावर पहिला चेहरा याचा. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा.

"आज कामावर गेला नाहीस?" आई विचारायची.

"गेलो की. परतसुद्धा आलो."

'ऑफिस लवकरच उघडणार' असं कुणी म्हटलं, की मात्र तो नोकरीच्या जाहिराती चाळायला बसायचा. दोन वर्षं बसायचा.

दोन वर्षांनी ऑफिसची जागाच सोडली. सगळ्यांनी कायमचं घरून काम करायचं ठरलं. हेडक्लार्क निवृत्त झाले. साहेबांनी हजेरी पाहिली आणि रोज पहिला येणाऱ्याला त्यांच्या जागी नेमलं.

कुरियरने खोकं आलं. नेमणुकीचा हुकूम, पोचवही, एक जुनं पाकीट आणि प्रलंबित कामांची यादी. यादीत काम एकच.

"काय आलंय रे?" आईने विचारलं.

"माझं पत्र. मलाच द्यायचंय."

तो दोन वर्षांनी पोटभर हसला. मग शर्ट नीट केला आणि हेडक्लार्क म्हणून पहिला अर्ज लिहायला घेतला:

'सदर पत्र ऑफिसातच द्यावयाचे असल्याने सोडलेली जागा एक दिवसासाठी परत घ्यावी. देणारा दहा वाजता हजर राहील. घेणारा पावणेअकराला येईल. तरी साडेदहाला ऑफिस बंद करण्यात यावे, ही नम्र विनंती.'