एबोच्या नावावर

एबो मास्तरांनी धाकट्या भावाच्या, फीफीच्या, एका पत्राला वीस वर्षे उत्तर दिले नव्हते. ‘दादा, तुझ्या नावाचा पासपोर्ट काढून हॉलंडला जाऊ का? नको असेल तर कळव.’ त्यांना ना हो लिहवले, ना नाही. फीफी गेला तो गेलाच.

आता त्याला शोधायला म्हणून मास्तर हॉलंडच्या वकिलातीत पर्यटक व्हिसाच्या खिडकीशी उभे होते.

“बाबा,” पडद्यावरची नोंद वाचत बाई म्हणाली, “तुम्ही तर मार्चमध्येच तिकडे वारलात. दफनसुद्धा झालंय.”

मास्तरांना कळले, वारला तो फीफी. शुक्रवारी जन्मला म्हणून फीफी झालेला तो, मंगळवारी जन्मून एबो झालेल्या भावाच्या नावाने पुरला गेला होता.

त्यांनी दफनभूमीचा पत्ता मागून घेतला आणि गावी, केप कोस्टला, परतल्यावर त्या पत्त्यावर पत्र टपालात टाकले. ‘हो, फीफी. जा.’