अडतीस वर्षांच्या जाऊबाई

चाळिशी उलटल्यावर लेसरने नंबर घालवला तरी वाचायला चष्मा लागतोच, असं थोरल्या जाऊबाईंनी कुठूनसं ऐकलं होतं. म्हणून नेत्रालयाच्या पायऱ्या चढतानाच त्यांनी मला दम भरला, "मी अडतीस सांगणार आहे. तू मध्ये तोंड उघडू नकोस."

माझं रोज दुपारपर्यंत मौन असतं, त्यामुळे खोटं बोलायची वेळ देवानेच टाळली. मी नुसती मान डोलावली.

"अडतीस," आत जाऊबाई ठसक्यात म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मनातल्या मनात वाचू लागले.

"बरं. पण चष्मा घालवायची एवढी घाई का?"

"अहो, नातवाला शाळेतून आणायला जाते ना, तिथे या मेल्या चष्म्यापायी सगळे मला आजी म्हणतात!"

डॉक्टरांनी हसू दाबलं. "आजी, लेसरचं राहू द्या. आधी मोतीबिंदू तपासू."



बाहेर येताच जाऊबाईंनी माझा दंड धरला, "तुझं मौन होतं ना गं? मग त्यांना माझं वय सांगितलं कुणी?"